आर्थिक मंदीतील कायम नोकरी आणि मुक्त व्यवसाय

कायम नोकरी आणि मुक्त व्यवसाय (फ्रीलान्स किंवा स्वतंत्र कंत्राटी काम) हे आपले श्रम व कौशल्य विकण्याचे दोन भिन्न मार्ग आहेत. नोकरीत व्यक्ती एकाच संस्थेला आपला वेळ देते आणि ठरावीक मासिक वेतन घेते. मुक्त व्यवसायात ती एक किंवा अनेक ग्राहकांना ठरलेले काम करून देते आणि त्या कामाचे बिल लावते. आर्थिक मंदीच्या काळात या दोहोंपैकी कोणता मार्ग स्वीकारावा, हा प्रश्न संगणक अभियंते, अनुवादक, पत्रकार, संकलक, वास्तुविशारद, लेखापाल अशा अनेक व्यवसायांत उपस्थित होतो. 'नोकरी सुरक्षित, बाकी सारे असुरक्षित' ही त्याची रूढ मांडणी अपुरी आहे. जोखीम दोन्हीकडे असते. ती केव्हा, किती आणि कोणावर पडते, यात फरक असतो. भारतात हा फरक बराचसा कायद्याने घडवलेला आहे. प्रस्तुत लेख मुख्यतः भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील परिस्थितीविषयी आहे.

संज्ञा

मराठीत 'कंत्राटी' हा शब्द इतक्या भिन्न अर्थांनी वापरला जातो की पुष्कळसा गोंधळ तेथूनच सुरू होतो. मनुष्यबळ पुरवठादाराने कारखान्यात पाठवलेला कामगार, शासकीय कार्यालयात अकरा महिन्यांच्या आदेशावर असलेला कर्मचारी, कंपनीने ठरावीक मुदतीसाठी थेट नेमलेला अभियंता आणि घरी बसून चार प्रकाशकांचे काम करणारा अनुवादक, या सर्वांना कंत्राटीच म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने पहिले तिघे कोणाचे तरी कर्मचारी आहेत. पहिल्याचा मालक पुरवठादार असतो आणि त्याला कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० लागू होत आला आहे. चौथा मात्र कोणाचाच कर्मचारी नाही. तो स्वतःच एक लहानसा व्यवसाय आहे.

एखादी व्यक्ती कर्मचारी की स्वतंत्र कंत्राटदार, हे केवळ करारातील शब्दांवरून ठरत नाही. धरांगध्रा केमिकल वर्क्स (१९५७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिठागरांत काम करणाऱ्या अगरियांना कामगार मानले. काम कसे करावे यावर मालकाचे नियंत्रण आहे काय, ही कसोटी त्यात महत्त्वाची ठरली. पुढील निर्णयांत साधने कोणाची, काम संस्थेच्या व्यवहाराचा अविभाज्य भाग आहे काय, अशा अन्य बाबींचाही विचार होऊ लागला. रोज नऊ ते सहा एकाच कार्यालयात बसणारा, एकाच वरिष्ठाच्या सूचनेने चालणारा, तरीही 'सल्लागार' म्हणून बिल देणारा अभियंता म्हणूनच संशयास्पद स्थितीत असतो. त्याला नोकरीची बंधने असतात, पण तिचे संरक्षण नसते; स्वातंत्र्याचे नाव असते, पण दुसरा ग्राहक नसतो. मंदीत सर्वाधिक नुकसान बहुधा याच मधल्या प्रकाराचे होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अनियमित कामाचा दर जास्त असला पाहिजे, हा विचार अर्थशास्त्राइतकाच जुना आहे. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गवंड्याचे उदाहरण दिले आहे. कडाक्याच्या थंडीत व खराब हवेत गवंड्याला काम मिळत नाही. त्यामुळे कामाच्या दिवसांच्या मजुरीतून रिकाम्या दिवसांचा निर्वाह आणि त्या अनिश्चिततेची भरपाई, दोन्ही निघावी लागतात. फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये याची दुसरी बाजू मांडली : उद्योजक अनिश्चितता स्वतःकडे घेतो आणि नोकराला ठरावीक उत्पन्नाची हमी देतो. या दृष्टीने पाहता मासिक पगारात विम्याचा अंश असतो व त्याचा हप्ता नोकर काहीशा कमी वेतनाच्या रूपाने भरतो. विमा देणारी संस्थाच बुडाली तर काय, हा प्रश्न उरतोच.

मुंबईच्या कापडगिरण्यांतील 'बदली' कामगार हे या प्रश्नाचे मराठी माणसाला परिचित असलेले रूप होय. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात हजर होई आणि कायम कामगार गैरहजर असेल तरच त्याला त्या पाळीचे काम मिळे. कोणाला आत घ्यायचे हे बराच काळ जॉबरच्या मर्जीवर असे. मागणी घटली की कायम कामगारांना हात न लावता बदलींची संख्या कमी करून गिरणी आपला खर्च आवरत असे. तथापि १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या पूर्ववत चालूच झाल्या नाहीत. तेव्हा कायम आणि बदली हा भेद पुष्कळ अंशी निरर्थक ठरला.

चित्रपट व्यवसायात बदल उलट दिशेने झाला. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली व १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी, तसेच मुंबईची बॉम्बे टॉकीज, या संस्थांत नटांपासून सुतारांपर्यंत सारे मासिक पगारावर असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपटांत नवा, बराचसा बेहिशेबी पैसा आला. स्वतंत्र निर्माते नामवंत नटांना चित्रपटागणिक मोठी रक्कम देऊ लागले आणि स्टुडिओ पद्धती मोडली. मुक्त व्यवस्थेचा लाभ प्रथम नामवंतांना झाला. छायाचित्रण, ध्वनी, रंगभूषा या खात्यांतील तंत्रज्ञांना मात्र ती व्यवस्था न निवडता स्वीकारावी लागली. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबले, तेव्हा रोजंदारीवरील या तंत्रज्ञांचे व कामगारांचे उत्पन्न एका दिवसात शून्यावर आले.

मंदीत घडणारा क्रम

मागणी घटल्यावर संस्था प्रथम तो खर्च कापतात, जो कापण्यास भरपाई द्यावी लागत नाही व वेळ लागत नाही. बाहेरील सल्लागार, फ्रीलान्स काम, जाहिरात व प्रशिक्षण हे त्यात आघाडीवर असतात. त्यानंतर नवी भरती थांबते, वेतनवाढ रोखली जाते आणि शेवटी नोकरकपात होते. मंदीच्या पहिल्या काही महिन्यांत मुक्त व्यावसायिकाला बसणारा धक्का नोकरदाराच्या धक्क्याहून मोठा असतो, तो यामुळे.

मंदी ओसरू लागली की क्रम उलटतो. मागणी परतली आहे याची खात्री नसताना संस्था कायम भरती करण्यास कचरतात व काम कंत्राटाने करवून घेतात. म्हणून तळ गाठल्यानंतरच्या काळात मुक्त व्यावसायिकाकडे काम आधी येते, तर नोकरी गमावलेला मनुष्य अजून मुलाखतींची वाट पाहत असतो. 'मंदीत काय निवडावे' या प्रश्नाला एकच उत्तर देणारे बहुतेक लेख मंदीचा आरंभ आणि अखेर यांत फरक करत नाहीत.

भारतीय माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात कायम नोकरीची प्रतिमा दीर्घकाळ जवळजवळ सरकारी नोकरीसारखी होती. महासाथीनंतर मागणी वाढली तेव्हा मोठ्या कंपन्यांनी प्रचंड भरती केली. परंतु २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस व विप्रो या तीन कंपन्यांची एकत्रित कर्मचारीसंख्या ६० हजारांहून अधिक घटली. ही घट मुख्यतः सोडून गेलेल्यांच्या जागा न भरल्याने झाली, म्हणजे तिचा भार नोकरीत असलेल्यांपेक्षा नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांवर पडला. जुलै २०२५ मध्ये मात्र टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे अंदाजे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले.

आकडेवारी वाचताना एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार भारतातील एकूण कामकऱ्यांत नियमित वेतनदारांचे प्रमाण २०१९-२० मधील २२.९ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये २१.१ टक्क्यांवर आले, तर स्वयंरोजगारितांचे ५३.५ वरून ५५.६ टक्क्यांवर गेले. याचा अर्थ लोकांनी मंदीत स्वातंत्र्याची निवड केली असा नाही. स्वयंरोजगारितांत शेतकरी, टपरीवाले आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारे सदस्यही मोजले जातात. नोकरी गेल्यावर गावी परतून शेतात मदत करणाराही त्याच रकान्यात येतो.

कायद्याचे संरक्षण

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस (किंवा तिच्या बदल्यात वेतन) आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून देणे आवश्यक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही ही मूळ तरतूद कायम आहे. कपातीसाठी शासनाची पूर्वपरवानगी घेण्याची अट मात्र पूर्वी कारखाने, खाणी व मळ्यांत १०० कामगारांपासून होती, ती आता ३०० पासून आहे. सहा वर्षे नोकरी झालेल्या कामगाराला याप्रमाणे नोटिशीसह सुमारे चार महिन्यांचे वेतन मिळते. शिवाय पाच वर्षांची सेवा झाली असल्यास उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळते. मुदतीच्या नेमणुकीवरील कर्मचाऱ्याला नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षानंतरच ती प्रमाणशीर मिळू शकते.

या संरक्षणाला तीन मर्यादा आहेत. ते 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळते. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्ती तीतून वगळलेली आहे, आणि ही गोष्ट पदनामावरून नव्हे तर प्रत्यक्ष कामावरून ठरते. दुसरी मर्यादा व्यवहारातील आहे. अनेक ठिकाणी कपातीचा आदेश न काढता कर्मचाऱ्याकडून राजीनामा मागितला जातो. स्वेच्छेने दिलेला राजीनामा ही कपात नसल्याने भरपाईचा हक्क उरत नाही, आणि दबावाखाली घेतल्याचे सिद्ध करण्याचा भार बहुधा कर्मचाऱ्यावरच येतो.

तिसरी मर्यादा या लेखाच्या विषयाशी थेट निगडित असूनही क्वचितच लक्षात घेतली जाते. कपात करताना त्या वर्गात शेवटी आलेल्यास सामान्यतः प्रथम काढावे, असे तत्त्व कायद्यातच आहे. म्हणजे मंदीची चाहूल लागल्यावर सुरक्षिततेसाठी मुक्त व्यवसाय बंद करून नोकरी धरणारा मनुष्य रांगेत शेवटचा असतो. वर्ष पूर्ण होण्याआधीच कपात झाली तर त्याला भरपाईही मिळत नाही, आणि सोडलेले ग्राहक तोवर दुसरीकडे गेलेले असतात. नोकरीची सुरक्षितता नियुक्तिपत्राबरोबर हाती येत नाही. ती सेवेच्या वर्षांनी साठत जाते. जुन्या कर्मचाऱ्याने मंदीच्या तोंडावर नोकरी सोडणे आणि नवख्याने ती धरणे, हे म्हणून एकमेकांचे आरसे नव्हेत.

बेरोजगारी भत्ता भारतात अत्यंत मर्यादित आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतील विमाधारकांसाठी २०१८ मध्ये अटल विमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली व २०२० मध्ये तिच्यातील साहाय्य सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्क्यांपर्यंत, कमाल ९० दिवसांसाठी, वाढवण्यात आले. ही विमा योजना मासिक २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू असल्याने बहुतेक मध्यमवर्गीय नोकरदार तिच्याबाहेर राहतात. मुक्त व्यावसायिकासाठी असे काहीच नाही. सामाजिक सुरक्षा संहितेतील 'गिग कामगार' ही नवी व्याख्या प्रामुख्याने ॲपवर चालणाऱ्या वाहतूक व घरपोच सेवांना समोर ठेवून केलेली दिसते.

थकलेली बिले आणि बुडालेली कंपनी

मुक्त व्यावसायिकाला मंदीत काम न मिळण्याइतकाच त्रास केलेल्या कामाचे पैसे न मिळण्याचा होतो. रोकड टंचाईत संस्था पगार, बँकेचे हप्ते व कर आधी भागवतात आणि लहान बिले पुढे ढकलतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. सेवा देणारी एकटी व्यक्तीही 'उद्यम' नोंदणी करून हा हक्क मिळवू शकते व सुलभीकरण परिषदेकडे दाद मागू शकते. हा मार्ग मुक्त व्यावसायिक फारसा वापरत नाहीत. ग्राहकाला नोटीस पाठवली की पुढचे काम जाते, ही भीती त्यामागे असते आणि ती निराधार नाही.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर दोघांतील अंतर अधिक स्पष्ट होते. दिवाळखोरी संहिता, २०१६ मधील परतफेडीच्या क्रमात कामगारांचे मागील २४ महिन्यांचे वेतन तारणधारक बँकांच्या बरोबरीने येते व अन्य कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे वेतन त्यानंतर. बिल थकलेला मुक्त व्यावसायिक 'व्यावहारिक धनको' म्हणून बराच खाली असतो. स्वतः प्रकरण दाखल करायचे तर थकबाकी किमान एक कोटी रुपये असावी लागते; मार्च २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती.

तरीही कागदावरचा हा वरचा क्रम म्हणजे हातातील पैसा नव्हे. मुंबईस्थित जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणे थांबवली, तेव्हा हजारो कायम कर्मचाऱ्यांचे काही महिन्यांचे वेतन थकलेले होते. त्यांच्या भविष्यनिर्वाह निधी व उपदानाच्या हक्काचा वाद अपील न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या परिसमापनाचा आदेश दिला. विमान कंपनीतील कायम नोकरी असलेल्या अभियंत्याचे सारे उत्पन्न एकाच धाग्याला लोंबकळत होते. तो धागा जाड असला तरी एकच होता.

दराचे गणित

मासिक वेतन आणि कंत्राटाचा दिवसाचा दर यांची थेट तुलना फसवी असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका अभियंत्याचे वार्षिक वेतन १२ लाख रुपये आहे. मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतील वाटा, उपदान व आरोग्यविमा धरून ते १३.५ लाखांच्या बरोबरीचे होते. हाच अभियंता मुक्त व्यवसायात आला तर संगणक, सॉफ्टवेअर, इंटरनेट व लेखापाल यांचा एक लाख खर्च त्याचा स्वतःचा, म्हणजे त्याला १४.५ लाख मिळवले पाहिजेत. वर्षातून शनिवार-रविवार, सण, आजारपण, काम शोधण्यात व बिलांमागे जाणारे दिवस वजा केले तर बिल लावण्याजोगे सुमारे २०० दिवस उरतात. बरोबरीचा दर याप्रमाणे ७,२५० रुपये होतो.

तेजीत त्याला ९,००० रुपये दराने २१० दिवस काम मिळाले, तर खर्च वजा जाता १७.९ लाख उरतात. मंदीत दर ६,००० वर आला व दिवस १२० झाले, तर ६.२ लाख. दोन चांगली वर्षे व एक वाईट वर्ष यांची सरासरी १४ लाख, म्हणजे नोकरीपेक्षा किंचित अधिकच. मात्र ही सरासरी वर्षांच्या क्रमावर मूक असते. वाईट वर्ष तिसरे आले तर आधीच्या शिलकीतून ते निभावते. पहिलेच आले तर पुढची दोन वर्षे पाहण्याआधीच मनुष्य व्यवसाय सोडतो किंवा कर्जात जातो. मंदी सुरू झाल्यावर मुक्त व्यवसाय आरंभणाऱ्याने स्वेच्छेने हा दुसरा क्रम निवडलेला असतो.

ग्राहकांच्या संख्येबाबतही असाच भ्रम होतो. प्रत्येक ग्राहक काम थांबवण्याची शक्यता चारात एक असेल आणि ग्राहक परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर चौघेही एकदम थांबण्याची शक्यता २५६ मध्ये एक इतकी अल्प होते. परंतु चारही ग्राहक बांधकाम व्यवसायातले असतील तर ते स्वतंत्र नव्हेत. मंदीत ते एकत्रच थांबतात. ग्राहक किती यापेक्षा ते किती भिन्न क्षेत्रांतले, हे मोजणे अधिक उपयुक्त ठरते.

कर

कराच्या बाबतीत मुक्त व्यवसाय काहीसा सोयीचा आहे. अभियांत्रिकी, वास्तुकला, लेखाकर्म, माहिती तंत्रज्ञान आदी ठरावीक व्यवसायांत वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत (रोखीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत) असेल, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानून कर भरता येतो. वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः २० लाखांपुढे लागते. व्यावसायिक शुल्कातून मुळातच १० टक्के कर कापला जात असल्याने मात्र वाईट वर्षातही पैसे अडकून राहतात व विवरणपत्र भरल्यानंतरच परत मिळतात.

निवडीचे निकष

वरील बाबी पाहता निर्णय व्यक्तीच्या स्वभावापेक्षा तिच्या घरच्या ताळेबंदावर अधिक अवलंबून असतो. घरात दुसरे नियमित उत्पन्न आहे काय, गृहकर्जाचा हप्ता किती, आरोग्यविमा नोकरीखेरीज आहे काय आणि उत्पन्नाशिवाय किती महिने काढता येतील, हे प्रश्न आधी येतात. एका जोडीदाराची सरकारी नोकरी असलेल्या घरात दुसऱ्याने मुक्त व्यवसाय करणे आणि एकट्या कमावत्याने तो करणे, या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. बँका स्वयंरोजगारिताकडे सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. म्हणून नोकरी सोडल्यानंतर लगेच गृहकर्ज मिळणे कठीण जाते, हेही हिशेबात धरावे लागते.

कारकिर्दीच्या आरंभी असलेल्यांचा प्रश्न निराळा आहे. मंदीत पदवी घेणाऱ्यांचे वेतन पुढे कित्येक वर्षे मागे राहते, असे अमेरिकेतील संशोधनात आढळले आहे. अशा पदवीधराला मुक्त व्यवसायातून अनुभव व ओळखी मिळू शकतात. पण काम शिकवणारा वरिष्ठ मिळत नाही, आणि पहिल्या दोन वर्षांत त्याची किंमत वेतनाहून कमी नसते. शासकीय क्षेत्रात कंत्राटी राहून पुढे कायम होऊ, ही आशा तपासून पाहावी लागते. उमादेवी प्रकरणात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने नियमबाह्य पद्धतीने नेमलेल्या तात्पुरत्या व कंत्राटी कर्मचाऱ्यांना केवळ दीर्घ सेवेच्या आधारे कायम होण्याचा हक्क नाही, असा निर्णय दिला आहे.

जोडकाम

नोकरी सांभाळून संध्याकाळी स्वतंत्र काम करणे हा अनेकांना मध्यममार्ग वाटतो. जोखीम विभागली जाते, ग्राहक आधीच जोडले जातात आणि कपात झालीच तर शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. अडचण नियुक्तिपत्रातील अटींची असते. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या करारांत नोकरीच्या काळात अन्य सशुल्क काम न करण्याची अट सर्रास असते. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांचे काम करताना आढळलेल्या ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीर केले होते. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार नोकरी सोडल्यानंतर व्यवसायास मज्जाव करणारी अट सामान्यतः निरर्थक ठरते. नोकरी चालू असतानाची अट मात्र न्यायालये बहुधा मान्य करतात. लेखी परवानगी घेऊन, मालकाच्या व्यवसायाशी संबंध नसलेले काम करण्यास काही कंपन्या संमती देतात. ती संमती मंदी येण्यापूर्वी, वरिष्ठांशी संबंध चांगले असताना मागितलेली असेल तर सहज मिळते.